नेम का चुकत असे? शिशाची गोळी, ठासणीची बंदूक आणि सिद्धगडची पहाट | #थ्रेड

१/
२ जानेवारी १९४३. मुरबाड तालुक्यातील सिद्धगडच्या जंगलात पहाटेच्या थंडीत बंदुकांचे बार निघाले. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी गोमाजी पाटील हे दोघे तेथे हुतात्मा झाले. ही कथा ठाणे आणि रायगड जिल्ह्यांत घरोघरी ठाऊक आहे. या कथेमागे आणखी एक मोठा इतिहास उभा आहे. तो आहे बंदुकीच्या नेमाचा. शिशाची गोळी सरळ का जात नसे, ती सरळ जावी म्हणून काय काय केले गेले आणि अचूक बंदूक कोणाच्या हाती द्यायची हे कोणी ठरवले, हे या धाग्यात पाहू.

२/
आरंभ किल्ल्यापासूनच करू. समुद्रसपाटीपासून सुमारे ३२०० फूट उंचीचा सिद्धगड भीमाशंकरच्या रांगेत, घाट आणि कोकण यांच्या सीमेवर उभा आहे. अशा डोंगरी किल्ल्यांवर शिबंदीच्या हाती असे ती जामगीची, म्हणजे तोड्याची बंदूक. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गोळी टाकायची, गजाने ठासायची, कानात रंजक भरायची आणि पेटत्या जामगीने बार काढायचा. म्हणूनच या जातीच्या सर्व हत्यारांना मराठीत ‘ठासणीची बंदूक’ असे अगदी नेमके नाव पडले.

३/
गोळी शिशाचीच का? शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते, म्हणजे चुलीवरच्या जाळावर पळीतही ते पातळ होते. लोखंडाला भट्टी लागते, शिशाला लागत नाही. ते जड असते, त्यामुळे लहान गोळीतही वजन मावते. ते मऊ असते, त्यामुळे नळी खराब होत नाही. सैनिक साचा जवळ बाळगून आपल्या गोळ्या आपण ओतू शके. मराठी मुलुखात हे शिसे मुख्यतः समुद्रमार्गे येई. सतराव्या शतकातील इंग्रज वखारींच्या पत्रव्यवहारात शिसे हा विक्रीचा नेहमीचा जिन्नस आहे.

४/
ओतलेल्या गोळीचा पहिला दोष साच्यातच जन्म घेतो. साचा थंड असला की गोळीवर सुरकुत्या पडतात. शिसे निवताना आकसते आणि हवा अडकली तर आत पोकळी राहते. बाहेरून गोल दिसणारी गोळी आतून एका बाजूस हलकी असते. तिचा गुरुत्वमध्य आणि तिचे केंद्र एका ठिकाणी नसते. अशी गोळी हवेत डगमगत जाते. साच्याच्या तोंडाशी उरलेला देठ नीट कापला नाही, तरी परिणाम तोच. दहा गोळ्या एकाच साच्यातल्या असूनही दहा ठिकाणी लागण्याचे हे एक कारण.

५/
दुसरा दोष दारूचा. सह्याद्रीतल्या पावसाळ्यात दारू सर्द होते आणि सर्द दारू कधी जोरात, कधी मंद जळते. वेग बदलला की गोळीचा पल्लाही बदलतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्यावरील दारूखाना घरांपासून दूर असावा, दारूस सर्दी पोहोचू देऊ नये आणि ठरावीक दिवसांनी हवालदाराने ती बाहेर काढून तिला ऊन द्यावे, असा स्पष्ट दंडक आहे. किल्ल्याच्या कारभारातली ही बारीक सूचना नेमाच्या दृष्टीनेही मोलाची होती.

६/
तिसरा दोष सर्वांत मोठा : नळी आणि गोळी यांच्यातली फट. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजांच्या हातची ‘ब्राउन बेस’ मस्केट घ्या. तिच्या नळीचा व्यास सुमारे ०.७५ इंच, गोळीचा सुमारे ०.६९ इंच. म्हणजे तब्बल दीड मिलिमीटरची फट. ती मुद्दाम ठेवलेली असे. काळी दारू जळाल्यावर नळीत कीट साचते. गोळी घट्ट असली तर पाच-दहा बारांनंतर ती आत उतरेनाशी होई. लढाईत वेगाने बार काढायचे, तर गोळी सैलच हवी.

७/
सैल गोळी नळीतून आपटत, गडगडत बाहेर पडे. शेवटचा धक्का ज्या बाजूस बसेल त्यावर तिची फिरकी ठरे आणि त्या फिरकीने ती हवेत वळे. हे प्रयोगाने दाखवले बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने. तोफविद्येवरचा त्याचा ग्रंथ १७४२ साली निघाला. त्याने बंदुकीच्या नळीचे टोक किंचित वाकवून बार काढले. गोळी आधी वाकाच्या दिशेने गेली आणि मग हवेतच उलट बाजूस वळली. क्रिकेटमधला स्विंग होणारा चेंडू पाहणाऱ्यांना हवेतले वळण नवे वाटणार नाही.

८/
या रॉबिन्सचा शेवट भारतातच झाला. कंपनीच्या तटबंदीच्या कामासाठी तो इकडे आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये मरण पावला. त्याचे भाकीत असे की, जे राष्ट्र पीळदार नळीचे मर्म ओळखून आपल्या फौजेला तिची सवय लावील, ते इतरांवर मात करील. पीळदार नळी म्हणजे आतून स्क्रूच्या आट्यांसारख्या खाचा असलेली नळी. या खाचांत रुतलेली गोळी एकाच अक्षाभोवती फिरत बाहेर पडते. भोवरा फिरत असेपर्यंत उभा राहतो, तशी ती हवेत स्थिर राहते. हीच रायफल.

९/
मग सगळ्यांना रायफल का दिली नाही? कारण पुन्हा तीच फट. गोळी खाचांत रुतायची तर ती घट्ट हवी, आणि घट्ट गोळी तोंडाकडून ठासायची म्हणजे कष्ट. १८०० साली आलेल्या ‘बेकर’ रायफलीत तेलकट चामड्याच्या वा कापडाच्या तुकड्यात गुंडाळलेली गोळी ठासावी लागे. नेम उत्तम, पण वेग मंद. त्यामुळे ती थोड्या निवडक पलटणींपुरतीच राहिली. पुढे १८३० च्या दशकात आलेल्या ‘ब्रन्सविक’ रायफलीच्या गोळीला कमरपट्ट्यासारखा उंचवटा होता, तो दोन खाचांत बसे. नळीत कीट साचले की तीही आत जाईना.

१०/
कोडे असे होते : भरताना गोळी सैल हवी, सुटताना घट्ट हवी. याच्या उत्तराची एक वाट भारतातून जाते. ३४ व्या पलटणीतला कॅप्टन जॉन नॉर्टन दक्षिण भारतात असताना त्याने फुंकनळीने शिकार करणारे लोक पाहिले, अशी हकिगत प्रसिद्ध आहे. त्यांच्या बाणाच्या बुडाशी कमळाच्या देठाचा मऊ गाभा असे. फुंकर मारली की तो फुगून नळी बंद करी आणि हवा वाया जात नसे. त्यावरून १८२३ साली नॉर्टनने बुडाशी पोकळ असलेली लांबट गोळी बनवली. बार होताच वायूच्या दाबाने बूड फुगेल आणि गोळी खाचांत रुतेल, ही कल्पना.

११/
ब्रिटिश लष्कराने ती नाकारली. विल्यम ग्रीनर या इंग्रज बंदूककाराची १८३५ सालची तशीच गोळीही नाकारली गेली. १८४९ च्या सुमारास फ्रान्सच्या क्लोद-एतियेन मिनिये याची फुगणारी गोळी गाजली, तेव्हा ब्रिटनने त्याला २०,००० पौंड मोजले. ग्रीनरला १८५७ साली, बऱ्याच तक्रारींनंतर, १००० पौंड मिळाले. आपल्याच माणसाची कल्पना बाहेरून मोठ्या किमतीला विकत घेण्याची गोष्ट तेव्हाही नवी नव्हती!

१२/
याच कल्पनेवर १८५३ ची ‘एनफिल्ड’ रायफल उभी राहिली. नळी ०.५७७ इंचाची, खाचा तीन, आणि ७८ इंचांत एक पूर्ण वळसा. गोळी ५३० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३४ ग्रॅम, व्यास ०.५६८ इंच. फट उरली अवघी पाव मिलिमीटरच्या आसपास. ही गोळी शुद्ध, मऊ शिशाचीच हवी. भेसळीने शिसे थोडे जरी कठीण झाले, तरी बूड फुगत नसे, गोळी खाचा धरत नसे आणि इतकी महागडी रायफल साध्या नळीसारखी वागे.

१३/
म्हणून गोळीच्या बुडात आधी लाकडाची आणि पुढे भाजक्या मातीची पाचर बसवली गेली. बार होताच पाचर पुढे घुसे आणि बूड हमखास फुगे. ओतकामातल्या पोकळीवरही उपाय निघाला. १८५० च्या दशकात वुलविचच्या शाही कारखान्यात गोळ्या ओतण्याऐवजी शिशाच्या कांबीतून यंत्राने दाबून बनवू लागले. दाबलेल्या शिशात हवेला जागा उरत नाही, सगळ्या गोळ्या एका वजनाच्या निघतात. चौथ्या भागात पाहिलेला साच्याचा दोष येथे संपला.

१४/
उरला प्रश्न किटाचा. जळालेल्या दारूचे कीट मऊ राहावे आणि पुढची गोळी सहज उतरावी म्हणून काडतुसाच्या कागदाला वंगण लावत. हे वंगण चरबी आणि मेणाचे. पुढे काय घडले ते सर्वश्रुत आहे. जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडम येथे शिपायांत या चरबीविषयी कुजबुज सुरू झाली. काडतूस दातांनी तोडावे लागे, आणि चरबी गाईची की डुकराची, हा प्रश्न धर्माचा होता. १८५७ च्या उठावाची कारणे अनेक आणि खोल आहेत. मात्र ठिणगी ज्या काडतुसावर पडली, ते गोळी सरळ जावी या खटपटीतूनच जन्मले होते.

१५/
त्याच युद्धात रायफलीचा तांत्रिक दोषही उघडा पडला. उन्हाळ्यात चरबी वितळून वंगण कागदातून निघून जाई. कोरड्या, कडक किटात ०.५६८ इंचाची गोळी अडकू लागली आणि गज मारूनही खाली जाईना. उपाय म्हणून गोळीचा व्यास ०.५५ इंचांवर आणला आणि वाढलेली फट भरून काढण्याचे काम पाचरीवर सोपवले. वंगणातली चरबी कमी होत गेली व मेणाचे प्रमाण वाढले. इंग्लंडच्या गार हवेत जुळलेले गणित हिंदुस्थानच्या उन्हात नव्याने मांडावे लागले.

१६/
आता या इतिहासाचा सर्वांत कडू भाग. १८५७ नंतर सरकारने हिंदी शिपायांसाठी एक वेगळी बंदूक काढली. ती दुरून पाहता एनफिल्डच वाटे. पण तिच्या नळीत पीळ नव्हता. ०.६५६ इंचांची गुळगुळीत नळी आणि साधी गोळी. शंभर वर्षे शास्त्रज्ञ आणि कारागीर ज्या फटीशी झगडले, ती येथे जाणूनबुजून परत आणली गेली. गोऱ्या पलटणीच्या हाती अचूक रायफल, हिंदी शिपायाच्या हाती चुकणारी. नेम चुकणे हा आता यंत्राचा दोष राहिला नव्हता, ते राज्यकर्त्यांचे धोरण झाले होते.

१७/
हे धोरण पुढे ‘एक पिढी मागे’ या स्वरूपात टिकले. १८६० च्या दशकात पाठीमागून भरायची ‘स्नायडर’ आली. ठासणीचा गज संपला आणि काडतुसाचे पितळी कवच आले. त्यासाठी १८६९ साली पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. तोपर्यंत १८७१ ची ‘मार्टिनी-हेन्री’ गोऱ्या सैन्यासाठी मंजूर होत होती. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंद येथे लढताना गोऱ्या ६६ व्या पलटणीकडे मार्टिनी होत्या. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या मुंबई लष्कराच्या हिंदी पलटणींकडे स्नायडर होत्या. त्या दिवशी दोन्ही पलटणींची भयंकर हानी झाली.

१८/
मार्टिनीची गोळी नेमाच्या इतिहासात महत्त्वाची आहे. तिची नळी ०.४५ इंचांची आणि पीळ फार घट्ट, २२ इंचांत एक वळसा. वेग सेकंदाला सुमारे १३०० फूट. इतक्या जोराला शुद्ध शिसे टिकत नाही. ते खाचा धरण्याऐवजी सोलवटून पुढे सरकते आणि नळीत शिशाचा थर मागे ठेवते. मग पुढची प्रत्येक गोळी आणखी चुकते. म्हणून १२ भाग शिशाला १ भाग कथील मिसळून ४८० ग्रेनची गोळी थोडी कठीण केली आणि तिला कागदाचे वेष्टण दिले. गोळी नळीला थेट घासू नये, एवढाच त्या कागदाचा हेतू.

१९/
येथे एक सूत्र ध्यानात येते. एनफिल्डची गोळी मऊ असेल तरच नेम लागे, मार्टिनीची कठीण असेल तरच. वेग, पीळ, व्यास, कठिणपणा आणि वंगण ही पाच सूत्रे एकमेकांत गुंतलेली आहेत. एक ओढले की बाकीची हलतात. जुनी रायफल चुकते आहे असे दिसले की तेव्हाचे शस्त्रागारातले कारागीर याच क्रमाने तपास करीत : गोळी नळीत सैल आहे का, शिसे भेसळीचे आहे का, वंगण सुकले आहे का, खाचांत शिसे साचले आहे का, नळीचे तोंड घासले गेले आहे का. गज वर्षानुवर्षे तोंडाशी घासून खाचा झिजत, आणि गोळीचा निरोप घेणारी ती शेवटची जागाच बिघडलेली असे.

२०/
१८८८ साली ०.३०३ इंचांची ‘ली-मेटफर्ड’ आली आणि लवकरच बिनधुराची कॉर्डाइट दारू. वेग सेकंदाला सुमारे २००० फुटांवर गेला. उघड्या शिशाचा काळ संपला. शिशाच्या गाभ्यावर तांबे-निकेलचे कवच चढले. पण कॉर्डाइटच्या उष्णतेने मेटफर्डच्या उथळ खाचा लवकर झिजू लागल्या, म्हणून १८९५ साली खोल खाचांची ‘ली-एनफिल्ड’ घडली. याच काळात डमडमच्या कारखान्यात कवचाचे टोक उघडे ठेवलेली गोळी निघाली. शरीरात शिरून फुलणाऱ्या अशा गोळ्यांवर १८९९ च्या हेग परिषदेत बंदी आली.

२१/
आणि हिंदी माणसाचे काय? १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगता येईना. गोऱ्यांना त्यातून सूट होती. हिंदी पोलिसांसाठी मार्टिनीच्या नळीतला पीळ काढून गुळगुळीत मस्केट बनवल्या गेल्या. विसाव्या शतकात बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात ली-एनफिल्डची नळी गुळगुळीत करून, एका वेळी एकच काडतूस घेणारी ०.४१० ची मस्केट तयार होऊ लागली. ती पोलीस आणि पहारेकऱ्यांसाठी. १८५८ ची युक्ती नव्या सांगाड्यात पुन्हा अवतरली. हत्यार लोकांच्या हाती पडले, तरी ते दूरवर नेम धरू नये.

२२/
आता पुन्हा सिद्धगड. १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला नाभिक कुटुंबात जन्मलेले भाई कोतवाल कायदा शिकले, नगरपालिकेत निवडून आले, शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या आणि शाळा चालवल्या. ऑगस्ट १९४२ नंतर ते भूमिगत झाले. त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. मुंबईच्या गिरण्या आणि कारखाने त्या विजेवर चालत. शस्त्र कायद्याने नि:शस्त्र केलेल्या समाजातली ही माणसे होती. बंदुकीच्या लढाईत आपण सरकारला पुरे पडणार नाही, हे जाणून त्यांनी घाव घातला तो तारांवर आणि मनोऱ्यांवर.

२३/
सरकारने बक्षीस लावले, फितुरी झाली आणि पोलीस सिद्धगडच्या रानात पोहोचले. पहाटेच्या अंधुक उजेडात, झाडीत, जवळच्या अंतरावरून गोळीबार झाला. हिराजी पाटील पडले. भाई कोतवाल जखमी झाले आणि मग त्यांना अगदी जवळून गोळी घातली गेली, अशी हकिगत या परिसरात आजही सांगतात. पीळ, व्यास, वंगण यांची सारी विद्या लांबच्या नेमासाठी असते. जवळून झाडलेल्या गोळीला तिची गरज नसते. तेथे प्रश्न एवढाच उरतो की बंदूक कोणाच्या हाती आहे.

२४/
भाई कोतवाल तेव्हा ३० वर्षांचे होते. दरवर्षी २ जानेवारीला पहाटे शहापूर, मुरबाड, कर्जतकडची माणसे थंडीत चालत सिद्धगडच्या पायथ्याच्या स्मारकापाशी जमतात आणि हुतात्म्यांना मानवंदना देतात.

२५/
पुढे कधी संग्रहालयात जुनी लष्करी बंदूक दिसली, तर तिचा दस्ता आणि त्यावरचे नक्षीकाम पाहून झाल्यावर नळीच्या तोंडात जरूर डोकावून पाहावे. आत पिळाच्या खाचा आहेत की गुळगुळीत पोलाद, हे दिसेल. खाचा असतील, तर ती कोणाच्या विश्वासातल्या हातासाठी बनली होती. गुळगुळीत असेल, तर ती कोणाच्या तरी अविश्वासाची साक्ष असू शकते. एवढ्याशा नळीच्या तोंडात एका साम्राज्याचे मन वाचता येते.

#सिद्धगड #भाईकोतवाल #इतिहास